बोट्याची फुंकर

त्या यूपीएसचं तोंड बंद कर आधी. टूं टूं करून डोकं उठवलंय. वीज गेलीय हे कळलंय म्हणावं आम्हाला. हां. आता बसा सगळे, आणि तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. अंधारात कुणाच्या तरी डोळ्यात घालशील.

मघाशी काय खिदळत होता रे? प्रोसेसरवर पेस्ट बोटाने लावणारा अडाणी, म्हणे. तू या कॉम्प्युटरवाल्यांच्या अड्ड्यावर आज पहिल्यांदा आलीस पोरी, म्हणून तुला सांगतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तो तापतो. त्याच्या डोक्यावर पंखेवाला कूलर बसवतात आणि दोघांच्या मध्ये राखाडी पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता वर निघून जाते. बोटाने लावली की हवेचे फुगे राहतात. एवढंच शास्त्र. पण एवढ्यावरून ही मंडळी एकमेकांची अक्कल काढत बसतात. काढा, माझी ना नाही. पण बोटाने लावणाऱ्याला माझ्यासमोर हसायचं नाही. का ते ऐका. ज्याच्याबाबतीत घडलं तो रोज माझ्या मांडीला मांडी लावून इथेच बसायचा.

त्याला आम्ही डॉक्टर म्हणायचो. होता पाणीपुरवठ्यात कारकून, पण मेलेलं मशीन याच्या हातात दिलं की उठून बसायचं. हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू. तोंड मात्र तिखट. आणि त्याच्या तोंडी हमखास सापडायचा तो आमच्यातलाच बोट्या.

बोट्या पेस्ट बोटानेच लावायचा, म्हणून बोट्या. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने. त्या बोटाला पंख्याचं पातं लागून आडवी चीर पडली होती, ती कधी भरली नाही. आणखी एक खोड. रॅमची पट्टी बसवायच्या आधी तिच्या खाचेत फुंकर मारायचा. फू! डॉक्टर ओरडायचा, "अरे थुंकी जाते आत, हा काय चहा आहे का?" बोट्या हसायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा फू. तिसरी खोड म्हणजे भित्रेपणा. एका डिस्कवर काम करायचं असलं की दुसऱ्या डिस्कची वायर काढून बाजूला ठेवायचा. चुकून हात लागायला नको, म्हणे. त्यावरूनही आम्ही त्याची रेवडी उडवायचो.

मग बोट्याच्या गळ्याचं दुखणं निघालं. मोठ्या इस्पितळात सांगितलं की आधी आवाज जाईल, मग बाकीचं. पोरगी तेव्हा जेमतेम वर्षाची. बोट्याने काय करावं? रोज रात्री कॉम्प्युटरसमोर बसून तिच्यासाठी एक गोष्ट रेकॉर्ड करायला लागला. ती मोठी झाली की ऐकेल म्हणून. पंख्याची घरघर गोष्टीत यायची, तर त्याने कूलर उघडून पेस्ट बदलली, मशीन शांत केलं. अर्थात बोटानेच. आवाज होता तोवर गोष्टी सांगितल्या. मग आवाज गेला. बोलायला गेला की नुसती हवा यायची. पुढे तीही थांबली.

तो गेल्यावर सहाएक महिन्यांनी मशीन सुरू होईना. वहिनींनी डॉक्टरला बोलावलं. डिसेंबरातला तिसरा शनिवार होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला बाकी काही नको. त्यात ह्यांच्या गोष्टी आहेत, तेवढ्या वाचवा. ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही." डॉक्टर म्हणाला, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा." मशीन स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणलं.

दुखणं फालतू निघालं. रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, परत बसवली. मशीन चालू! दहा मिनिटांचं काम. तिथेच थांबायला हवं होतं. गोष्टी एका पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि हात जोडायचे. पण आपल्या लोकांची खाज तुम्हाला ठाऊक आहे. उघडलंच आहे तर जरा स्वच्छ करू. उघडलंच आहे तर जरा नीट करू.

डॉक्टरने कूलर काढला. पेस्टमध्ये बोट्याच्या बोटाचा ठसा, आडव्या चिरेसकट. याने फोटो काढून मोबाइलवर आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गेला, पण सुधारला नाही.' पटापट हसरे चेहरे आले. मेलेल्या माणसाच्या बोटावर हसत होते लेकाचे. मग याने ठसा स्पिरिटने पुसला आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने नवी पेस्ट पसरली. एकसारखी, काचेसारखी गुळगुळीत. कूलर घट्ट आवळला.

मग म्हणाला, सिस्टीमपण कुजलीय, नवी टाकू. आत डिस्क दोन, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. एकीवर मशीन चालवणारी सिस्टीम, दुसरीवर गोष्टी. बोट्या असता तर त्याने दुसरीची वायर काढली असती. डॉक्टर कशाला काढतोय? तो काय भित्रा होता? पडद्यावरच्या यादीतली एक डिस्क निवडली. आणि साधी नाही पुसली. त्याची पद्धत म्हणजे डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं भरायची, मागचं नावनिशाण ठेवायचं नाही. ते काम लावलं आणि पांघरूण घेऊन झोपला.

सकाळी बघतो तर जुनी सिस्टीम जागच्या जागी. कुजलेली, पण शाबूत. आणि गोष्टींच्या डिस्कवर... शून्य.

रविवारचा अख्खा दिवस त्याने झटापट केली. होते नव्हते ते सगळे प्रोग्राम चालवले. शून्यांतून काय निघणार, कपाळ? संध्याकाळी मशीन घेऊन वहिनींकडे गेला. आणि तिथे तो जे बोलला त्याची मला आजही चीड येते. म्हणाला, "वहिनी, डिस्क आधीच गेलेली होती. त्याने हाताळणी नीट केली नव्हती. पहिल्यापासूनच निष्काळजी, काय करणार."

निष्काळजी! बोट्या!

पोरगी मशीनच्या डब्यावर चापट्या मारत होती. तिला उचलून घेत वहिनी म्हणाल्या, "मग हे इथे ठेवून मी काय करू? तुम्हीच न्या, भाऊजी. तुमच्या उपयोगी पडेल. ह्यांना तुमचं फार कौतुक होतं." आणि या माणसाने ते परत आणलं. नको म्हणायलाही जीभ उचलली नाही.

त्या रविवारच्या रात्रीची गोष्ट. मशीन टेबलावर ठेवलेलं. एकही वायर जोडलेली नाही, हे लक्षात ठेवा. डॉक्टर खोलीत एकटा. खिडकी बंद, कारण थंडी मरणाची. झोप लागली नव्हती, नुसता पडून होता. सव्वादोन वाजले होते, भिंतीवरचं घड्याळ त्याला दिसत होतं.

फू...

त्याला वाटलं, खिडकीच्या फटीतून वारा आला. कूस बदलली.

फू...

वारा नव्हता. टेबलाकडून आला होता आवाज. त्याने मान वळवली. मशीनच्या जाळीमागचा पंखा फिरत होता. हळू. दोन फेरे, आणि थांबला.

फू...

पुन्हा दोन फेरे.

डॉक्टर उठून बसला. वायर भिंतीत राहिली असेल म्हणून हाताने चाचपलं. वायर कपाटात होती. संध्याकाळी त्यानेच गुंडाळून ठेवली होती.

"कोण आहे?"

पंखा स्थिर. घड्याळाचाही आवाज येईना. मग...

फू...

या खेपेला टेबलाकडून नाही. कानाशी. श्वास ऊन होता. ऊन, आणि जरा ओला.

डॉक्टरने हात जोडले. "चूक झाली रे. माझ्या हातून चूक झाली..."

मग पुन्हा फुंकर आली, लांब, ताणलेली, मध्येच तुटलेली. एखादा जिवाच्या आकांताने काही सांगायला बघतोय आणि त्याला जमत नाही, अशी. आणि खोली रिकामी झाली. म्हणजे कसं सांगू... कुणीतरी होतं, ते आता नाही, हे त्याला कळलं.

उजाडेपर्यंत तो भिंतीला पाठ लावून बसला होता. उजाडल्यावर धीर आला, मशीन उघडलं. स्क्रू त्याने आवळले तसेच. कूलर जागेवर, घट्ट. चारी स्क्रू सोडवून पिळून ओढून काढावा लागला.

खालची पेस्ट याने कार्डाने पसरलेली. काचेसारखी. तिच्या मधोमध बोट उमटलं होतं. आडव्या चिरेसकट.

डॉक्टर तसाच, अंघोळ नाही, पांघरलेली शाल तशीच, वहिनींकडे गेला. मीच त्याला रस्त्यात गाठलं, तोंड बघून सोबत गेलो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. डिस्क मी पुसली. खोटं मी बोललो. ग्रुपवर हसलो तेही सांगितलं. आणि रात्रीचंही.

वहिनी चौकट धरून उभ्या होत्या. डिस्कचं ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. फुंकरेचं ऐकलं तेव्हा हलला.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरने करून दाखवली. फू.

"एकदाच?"

"नाही वहिनी. पुष्कळदा. शेवटची लांब होती, मध्येच तुटली."

वहिनींनी डोळे मिटले. म्हणाल्या, "आवाज गेल्यावर तेवढंच जमायचं ह्यांना. पोरीला झोपवताना गोष्ट सांगायला जायचे. शब्द नाही, नुसती हवा. ती हसायची. तिला वाटायचं बाबा खेळतोय." मग डोळे उघडून डॉक्टरकडे बघितलं. "आले, तर तुमच्याकडे का आले? इथे का नाही आले?"

दोघेही उभे राहिलो, ठोंब्यासारखे. आत पोरगी जागी होऊन रडायला लागली. वहिनींनी दार लावून घेतलं. आपटलं नाही. नीट, कडी घालून लावलं. त्यानंतर ते आमच्यासाठी उघडलं नाही.

डॉक्टरने हत्यारं विकली. कचेरीतला कॉम्प्युटर बंद पडला तरी दुसऱ्याला हाक मारतो. पोरगी आता शाळेत जाते. रस्त्यात दिसते कधी, बापासारखंच कपाळ आहे. बापाचा आवाज विचारला तर तिला तो आठवणार नाही. माझा राग कुणावर आहे ते मलाही धड सांगता येत नाही. यायचंच होतं बोट्याला, तर एखादी गोष्ट तरी घेऊन यायची होती. एवढीशी. एक. ठसा काय चाटायचाय?

तो प्रोसेसर डॉक्टरने माझ्या हातात कोंबला, पेस्टसकट. फेकवेना मला. त्या खणात, चहापत्तीच्या डब्यात आहे. काढ बरं. मोबाइलचा दिवा धर त्यावर. सावकाश.

दिसली चीर?

आता ऐका. पेस्ट अशी उघडी राहिली तर वर्षा दोन वर्षांत वाळून खडूसारखी होते. तुम्हीच मघाशी सांगत होतात. ही सात वर्षं या डब्यात पडून आहे.

वाकडा कर जरा डबा. हां... चमकते आहे ना? ओली आहे.

हात लावू नकोस.