निंभारीचं कोतवाल बुक

बस्त्यात बुक नव्हतं.

वामनरावांनी पुन्हा मोजलं. लाल कापडाच्या त्या गाठोड्यात सात रजिस्टरं असायला हवी होती. निघाली सहा. जिथं सातवं असायचं, तिथं कागदाची एक चिठ्ठी होती, चार बोटं रुंद आणि दोन्ही बाजूंनी कोरी.

"भेटलं का जी?" खिडकीबाहेरून देवमनजींनी विचारलं.

काल याच माणसाला त्यांनी या खिडकीतून सांगितलं होतं, नोंद आहे, काळजी नको.

गुरुवार होता, मार्च २०२३ मधला, संपाचा तिसरा दिवस. जुनी पेन्शन मिळावी म्हणून राज्यभरचे सरकारी कर्मचारी बाहेर बसले होते. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या देवगव्हाणच्या तहसील कचेरीतही तेच. आवारातच मंडप घातलेला, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, दिवसभर घोषणा. आत तहसीलदार साधना मॅडम एकट्या. त्यांनी वामनरावांना फोन केला, दोन दिवस नकलेची खिडकी तेवढी सांभाळा म्हणून. वामनराव या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, रेकॉर्ड रूम त्यांना तळहातासारखी पाठ. मॅडमला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

आता गंमत बघा, गंमत कसली, लाजच. वामनरावांना जुनी पेन्शन मिळते. मंडपातल्या पोरांना मिळणार नाही. आणि त्याच मंडपात पहिल्या रांगेत त्यांची स्वतःची पोरगी, रागिणी, टोपी घालून बसलेली. ती याच कचेरीत लिपिक. नवऱ्याची नोकरी अकोल्याला, म्हणून ती वडिलांकडे राहायची. दोन दिवस बाप-लेकीत धड बोलणं नव्हतं.

देवमनजींना हवी होती एका नोंदीची नक्कल. त्यांचे वडील १९३१ साली निंभारीला जन्मले, ती नोंद गावच्या कोतवालानं आपल्या जन्म-मृत्यूच्या बुकात लिहिलेली. नात नीलम नर्सच्या परीक्षेत पास झालेली, केंद्र सरकारचा दवाखाना. तिथं संप नव्हता. उद्या शुक्रवारी सकाळी दहाला अमरावतीत कागदांची तपासणी. जातीचा जुना पुरावा नसेल, तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला.

"जातीचं जे नाव आमी छप्पन साली टाकून देल्लं, थेच आता कागदावर दाखवा लागते," देवमनजी काल हसून म्हणाले होते. आज ते हसत नव्हते.

"बसा जरा," वामनराव म्हणाले, आणि मॅडमच्या खोलीकडे गेले.

साधना मॅडम साताऱ्याकडच्या. ऐकून घेतलं आणि उठल्याच.

"कुलूप फोडलंय?"

"नाही."

"बस्ता कुणी सोडलेला दिसतो का?"

"गाठ माझीच आहे मॅडम. काल जशी मारली, तशीच होती. एका ओढीत सुटणारी. मी आयुष्यभर तशीच मारतो."

"काल बुक नक्की होतं?"

"चार वाजता मी स्वतः नोंद वाचली. पान बावीस."

"मग नक्कल तेव्हाच का दिली नाही?"

वामनरावांनी खाली बघितलं. "चार वाजून गेले होते, नकलेची वेळ संपली होती. म्हटलं, उद्या या."

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किल्ल्या किती आहेत?"

"दोन. एक मला तुम्ही दिली, ती माझ्याकडंच आहे. दुसरी श्यामची."

श्याम म्हणजे रेकॉर्ड कीपर. त्याला मंडपातून बोलावलं. तो दारातच उभा राहिला. संपात कामाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलेलं.

"तुझी किल्ली कुठं आहे?"

"तुमच्याच कपाटात मॅडम. सोमवारी संध्याकाळी लिफाफ्यात घालून, सील करून देल्ली. पाहा ना."

कपाटात लिफाफा होता. लाखेचं सील शाबूत होतं.

"दुसरी बनवून घेतली असशील," मॅडम म्हणाल्या. "निंभारीच्या बुकावर पंधरा अर्ज आहेत. ते नसलं की खिडकी बंद पडते. संपाला बरंच की."

श्यामचा चेहरा उतरला. "मॅडम, मी संप करून राहिलो, चोरी नाई. काका, तुमी तरी सांगा."

वामनरावांनी त्याला एवढंच विचारलं, "श्याम, तू बस्ता कसा बांधतोस?"

"दोन गाठी मारतो. तुमची ती ओढगाठ मले कधी जमलीच नाई. तुमी चार वेळा शिकवली, मी पाच वेळा विसरलो."

"आणि रजिस्टर बाहेर काढलं तर?"

"तर चिठ्ठी ठेवतो. छापील. नंबर, तारीख, सही. पॅड माह्या टेबलात हाय, टेबलाले कुलूप."

"मी पोलिसांना कळवते," मॅडम म्हणाल्या. "सरकारी अभिलेख आहे हा. संशय कुणावर, ते ते विचारतीलच."

"एक तास द्या मॅडम," वामनराव म्हणाले. आपण हा तास का मागतोय, ते त्यांना अजून नीट कळलं नव्हतं.

झाडझूड करणारी मनकर्णाबाई व्हरांड्यात होती. ती कंत्राटावर, तिला संप परवडत नाही.

"बाई, सकाळी दार कधी उघडलं?"

"सात वाजता. रोजच्यासारखं."

"मी यायच्या आधी आत कोण आलं?"

"कोनी नाई बाप्पा. मंडपातल्या बाया तेवढ्या येतात, तोंड धुवायले, पानी भरायले. आपल्याच तर बाया हायत. त्याईले काय म्हनू?"

"रेकॉर्ड रूमकडे कोणी गेलं?"

"नळ तिकडेच हाय ना भाऊ."

वामनराव रेकॉर्ड रूममध्ये परत आले आणि स्टुलावर बसले. बाहेर घोषणा चालू होत्या. खिडकीतून देवमनजींची पाठ दिसत होती, पांढरा धुतलेला सदरा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज. हा माणूस सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता तिथं उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नव्हता.

वामनरावांनी कोरी चिठ्ठी उजेडात धरली. मग खिशातली किल्ली काढून बघितली. ती उजव्या खिशात होती. ते किल्ली कायम डाव्या खिशात ठेवतात, उजव्यात चष्मा असतो. सकाळी सदरा चढवताना चष्मा किल्लीवर खुळखुळला होता, आणि त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका हुडकल्या, लाल शाईनं गोल केले, खुलासे मागवले. आज किल्ली डाव्या खिशात टाकून ते उठले.

तास संपायच्या आत मॅडमच्या खोलीत सगळे जमले. वामनरावांच्या सांगण्यावरून देवमनजींना आत बोलावलं. श्याम दारात. त्याच्या मागं रागिणी, टोपी तशीच डोक्यावर.

"मले काहून बोलावलं?" ती म्हणाली. वडिलांकडे बघितलं नाही.

वामनराव उभेच राहिले.

"मॅडम, श्यामनं बुक घेतलेलं नाही. चोरानं घेतलं असतं, तर त्यानं चिठ्ठी ठेवली नसती. रजिस्टर काढलं की त्या जागी चिठ्ठी ठेवायची, ही सवय फक्त आम्हा लोकांची. ज्यानं बुक काढलं, त्याला नाव लिहायचं नव्हतं, पण जागा मोकळी सोडवेना. म्हणून कोरी ठेवली. म्हणजे माणूस कचेरीतला."

"श्यामही कचेरीतलाच आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो. पण त्याची किल्ली सीलमध्ये. आणि त्याला माझी गाठ येत नाही. मी तुम्हाला म्हणालो, गाठ माझी आहे. म्हणजे बस्ता कुणी सोडलाच नाही, असं आपण दोघंही धरून चाललो. बस्ता सोडला होता. पुन्हा बांधला, तो माझ्याच गाठीनं."

"मग दुसरी किल्ली?"

"दुसरी नव्हतीच लागली. माझीच वापरली. मी ती काल घरी नेली. नेता येत नाही, मला नियम माहीत आहे, तरी नेली. सदऱ्याच्या खिशात खुंटीवर होती. आज सकाळी ती खुंटीवरून गेली आणि परत आली, पण चुकीच्या खिशात. सात वाजता इथलं दार उघडतं. मंडपातल्या बाया पाणी भरायला आत येतात. माझ्या घरातून कोणीतरी सातच्या आधी सतरंज्या टाकायला म्हणून निघालं. साडेआठला पाण्याची कॅन विसरली म्हणून परत आलं, तेव्हा मी आंघोळीला होतो."

वामनरावांनी कोरी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"काल रात्री जेवताना मीच बोललो होतो, उद्या निंभारीची नक्कल द्यायची आहे, नोंद पान बावीसवर आहे. घरात ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि ती गाठ मी..."

त्यांनी दाराकडे बघितलं.

"ती गाठ मले येते," रागिणी म्हणाली. "सातवीत होती मी. बाबांनीच शिकवली."

श्याम "अव माय" म्हणाला.

"बाहेर नेलं नाई मॅडम, शपथ. खोलीतच हाय, जनगणनेच्या बस्त्यात, खालच्या फळीवर." तिचा आवाज चढला. "दोन दिवस मंडपात काय ऐकून राहिली मी! रागिणीचा बाप पेन्शन खाऊन राहिला, आन आमच्या पेन्शनीच्या आड खिडकी घेऊन बसला. मले तोंड दाखवायले जागा नव्हती. म्हटलं, बुकच नाई भेटलं, त बाबा कंटाळून घरी बसतीन. तेवढंच. कोनाचं नुकसान कराचं मनात नव्हतं."

"अर्ज कोणाचा, ते माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

"बाबा फक्त 'निंभारीवाले' म्हनले."

आपण खरंच फक्त तेवढंच म्हणालो, हे वामनरावांना तेव्हा आठवलं. नाव विचारून घेतलं होतं, अर्जावर वाचलंही होतं. घरी सांगताना मात्र ते नाव घ्यायची गरज वाटली नव्हती.

देवमनजी आतापर्यंत भिंतीशी उभे होते. आवाज न चढवता ते बोलले.

"तुमचं बाप-लेकीचं भांडन. त्यात माह्या नातीचं काय काम होतं?"



श्यामनं पळत जाऊन बुक आणलं. संपात आत पाऊल टाकायचं नाही, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. वामनरावांनी नक्कल लिहिली. पण नक्कल लिहिणारा एक, मूळ नोंदीशी ती ताडून बघणारा, म्हणजे रुजवात घेणारा दुसरा, आणि तो दुसरा नोकरीतला हवा. नायब तहसीलदार संपाचा अहवाल घेऊन अमरावतीला गेलेले.

"रुजवात मी घेते," रागिणी म्हणाली.

"म्हणजे आज कामावर हजर लागशीन," श्याम हळूच म्हणाला. "मंडपात काय सांगशीन?"

"जे केलं ते सांगीन."

ती खुर्चीवर बसली. रुजवात मोठ्यानं वाचून घ्यायची असते. तिनं मुलाचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, तारीख वाचली. जातीच्या रकान्याशी ती अडखळली. देवमनजी समोरच होते.

"वाचा," ते म्हणाले. "शाईत लिहिलेलं हाय, वाचल्यानं काही होत नाई."

तिनं वाचलं. वामनरावांनी नकलेवर बोट फिरवलं. तिनं सही केली, मॅडमनी सही केली, शिक्का मारला.

"रागिणी, वामनराव, तुम्ही दोघंही मला लेखी खुलासा द्याल," मॅडम म्हणाल्या. "आणि ती किल्ली इथं ठेवा."

वामनरावांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग देवमनजींपुढं हात जोडले. "कालच द्यायला पाहिजे होती. माझ्यामुळं..."

"माह्यी माफी कशाले मांगता?" देवमनजी कागद पिशवीत ठेवत म्हणाले. "नीलम काल रात्री भेली होती. म्हने, आबा, कागद नाई देल्ला त? मी तिले हासलो. म्हटलं पोरी, ते दिवस गेले. आता सरकारी हापिसात आपला कागद कोनी लपवत नाई."

रागिणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग झाकून भागणार नाही हे कळल्यासारखे हात खाली घेतले.

"मी येते तुमच्यासंगं," ती म्हणाली. "उद्या अमरावतीले. नीलमले मीच सांगते, कोनं लपवला."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. तिचा हात टोपी काढायला वर गेला होता.

"या. पहिली एसटी साडेसहाची हाय," ते म्हणाले. "अन टोपी राहू द्या डोक्यावर. संप तुमचा खराच हाय. माहा पोरगाही मास्तर हाय, त्यालेही पेन्शन नाई."