चाकाखालची लिंबं

लिंबू फुटलंच नाही!

इंजिनानं असा काही आक्रोश केला की मांडवाच्या झालरी थरथरल्या, सनईवाल्याचा सूर अर्ध्यावर तुटला, मागच्या सीटवर नवरदेवाशेजारी डोळे पुसत बसलेली नववधू ऋतिका दचकून ताठ झाली... आणि गाडी मात्र जागची तसूभरही हलली नाही! चारही चाकांखाली ठेवलेली लिंबं होती तशीच, पिवळीधमक! स्टिअरिंगवर बसलेल्या मुक्ताबाईंनी गियरचा दांडा मागेपुढे केला, पुन्हा 'डी'वर आणला, उजव्या पायानं हळूच दाबलं. पुन्हा तोच आवाज, आणि गाडी तिथेच.

मांजरी गावातलं ते भरलेलं अंगण गाडीभोवती गोळा झालं. मग सल्ले सुरू झाले, कारण लग्नघरात एक वेळ भात कमी पडेल, सल्ला कमी पडायचा नाही. "हँडब्रेक काढा!" "पेट्रोल हाय का?" "नारळ ओवाळा, दृष्ट लागली!"

नारायण पेठेतले व्याही श्यामसुंदरराव गाडीकडे बघत शांतपणे म्हणाले, "आवाज उत्तम आहे हो. निघणार कधी, तेवढं कळलं तर बरं. घरी उंबऱ्यावर माप भरून ठेवलंय."

वधूपित्याचा, साईनाथचा चेहरा काळाठिक्कर पडला. 'आमची ऋतिका दादाच्या गाडीतनं नांदायला येईल' असं त्यानं व्याह्यांना किती ऐटीत सांगितलं होतं! थोरल्या भावानं, बजरंगनं, रस्त्यात जमीन गेली तेव्हा मिळालेल्या पैशातून शहरातल्या एका गृहस्थाकडून ही जुनी, काळीभोर, परदेशी गाडी घेतली होती. बजरंग गेला, आणि मग ती फक्त त्याची बायको मुक्ताबाईच चालवत. साईनाथ जन्माचा ट्रॅक्टरवाला. 'क्लच नसलेली गाडी ही गडीमाणसाची गाडीच नव्हे' म्हणून तो त्या सीटवर कधी बसलाच नाही.

"वैनी!" तो कडाडला. "आयाबाया बोलत हुत्या, विधवा बाईनं पाठवणीला पुढं बसू न्हाई म्हणून! मी तोंड मिटून घेतलं. आता बघा! दादाची गाडी खाल्लीत तुमी!"

मुक्ताबाईंच्या काळजावर कुणी तापलेली सळई ठेवावी तसं झालं. ह्या साईनाथला आई नव्हती. त्या सून होऊन आल्या तेव्हा तो त्यांच्या पदराआड लपायचा, त्यांच्या हातूनच जेवायचा... आणि तोच आज भरल्या मांडवात हे बोलला!

आणि खरं काय ते तर त्यांना सकाळीच उमगलं होतं, तरी चालेल या आशेवर त्या स्टिअरिंगवर बसल्या होत्या. गाडीला हार घालताना पुढच्या बंपरमधल्या हुकाच्या भोकात त्यांना नायलॉनच्या दोरीचे पिवळे धागे दिसले होते. काही आठवड्यांपूर्वी गणपतीपुढे पहिली पत्रिका ठेवायला त्या बुधवार पेठेत गेल्या होत्या, तेही रिक्षानं, कारण गाडीची बॅटरी उतरली होती. परतल्या तर गाडी धुऊनपुसून लखलखीत! "हायवेला धुवून आणली, वैनी," साईनाथ कौतुकानं सांगत होता. बंद गाडी कशी नेली, हे त्यांनी विचारलं नाही. मांजरीत जीप असो, टेम्पो असो की पाण्याचा टँकर, बंद पडलं की बांधा ट्रॅक्टरच्या मागं! गड्याला स्टिअरिंगवर बसवायचं आणि निघायचं. बॅटरी मग नवी बसली, इंजिनही सुरू झालं, पण लग्नाच्या गडबडीत गाडी हलवून कुणी पाहिली नाही... आणि बजरंग तर ह्याच अंगणात उभं राहून सगळ्यांना बजावून गेला होता, "हिला दोरी लावायची न्हाई. बंद पडली तर उचलूनच न्यायची. इंजिन बंद अन् चाकं फिरत्यात, म्हंजी गियरला तेल मिळत न्हाई. आतल्या आत जळून जातो."

एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या! पण कुणासमोर? व्याह्यांसमोर? लेकीच्या पाठवणीच्या घटकेला तिच्या बापाची मान खाली घालायची? त्यांनी इंजिन बंद केलं.

"चुकलं माझंच, भावजी," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातनं गियर गेला. पोरीला दुसऱ्या गाडीत बसवा."

"मोठी आई, तू उतरायचं नाहीस!" ऋतिका रडत ओरडली. पण मुक्ताबाई उतरल्या होत्या, दार धरून कशाबशा उभ्या होत्या.

"सरका! मी दावतो!" साईनाथ तावातावानं सीटवर बसला. आयुष्यभराच्या सवयीनं त्याचा डावा पाय क्लच शोधायला गेला... आणि तिथे काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा चाचपलं. खाली नुसती मॅट. दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाची! डाव्या पायाला ह्या गाडीत कामच नव्हतं.

त्यानं वर पाहिलं आणि तो थिजला.

दाराला धरून वहिनी उभी होती, सगळा भार उजव्या पायावर देऊन. डावा पाय नेहमीसारखा चपलेत नुसता टेकलेला, जन्माचा लुळा! लहानपणापासून रोज पाहिलेला, म्हणूनच कधी न दिसलेला! दादाची मिजास, दादाचा थाट म्हणून ज्या गाडीची त्यानं पारावर बसून टवाळी केली होती, ती गाडी...

"वैनी... ही गाडी दादानं तुमच्या पायासाठी घेतली हुती?"

"आता कशाला ते... म्हणायचे, तुला कुठं जायचं झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघाया नको." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "उठा, पोरगी खोळंबलीय."

साईनाथला दादाचं बजावणं आता आठवलं. "आन् दोरीचं? ते म्हाईत हुतं तुमाला?"

मुक्ताबाईंनी मान खाली घातली. साईनाथला उत्तर मिळालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं! तो धडपडत बाहेर आला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला, "व्याही, ऐका! ही गाडी मी मारली! दादा नको म्हणून सांगून गेला, तरी ट्रॅक्टरला बांधून ओढली. आन् बोल लावला ह्या माउलीला!" फेट्यासकट त्यानं डोकं मुक्ताबाईंच्या डाव्या पायावर ठेवलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"अहो भावजी, काय करताय हे! उठा... मला काय तुमी परके आहात का?" मुक्ताबाईंचा बांध फुटला. बायांनी तोंडाला पदर लावले. थोड्या वेळापूर्वी कुजबुजणाऱ्या सर्वांत आधी रडल्या.

श्यामसुंदरराव पुढे आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "ढकलली तर जाते का ही?"

"न्यूट्रलला टाकली तर जाईल," मुक्ताबाई पुटपुटल्या.

"मग टाका. बसा तुम्ही. पुढं रस्त्यावर आमची गाडी आहे, पण ह्या अंगणातून आमची सून तुमच्याच हातानं निघेल."

मुक्ताबाई पुन्हा बसल्या. ऋतिकानं मागून त्यांच्या गळ्यात हात टाकले. शेरवानीतला नवरदेव अभिनव उतरून मागे गेला, व्याही गेले, आणि मधोमध साईनाथनं खांदा लावला. चाकं एकदा अडली, कुरकुरली... आणि पचापच आवाज झाला. लिंबं फुटली!

ही गाडी आपल्या बळावर पुन्हा चालेल की नाही, मुक्ताबाईंना ठाऊक नव्हतं. आरशात साईनाथचा घामानं आणि आसवांनी भिजलेला चेहरा दिसत होता.

"बास, भावजी, रस्ता आला," त्यांनी खिडकीतून हाक दिली.

"आणिक थोडं, वैनी... आणिक थोडं."

आज पहिल्यांदाच मुक्ताबाईंच्या उजव्या पायालाही काही काम नव्हतं.