खाडीतला मालाकोफोबिया

"मालाकोफोबिया! हे माणसाचं नाव की औषधाचं?" तारकर्लीच्या खाडीकाठची नवी पाटी वाचून सिद्धेश हसला. पाटीवर लिहिलं होतं, 'तिसऱ्यांना मालाकोफोबिया रोग. खाडीत उतरू नये.'

सुट्टीला आलेली त्याची बहीण तन्वी मात्र हसली नाही. सुकती लागली, खाडीचं पाणी ओसरलं, की त्यांची नर्मदाआत्या चिखलात उतरून तिसऱ्या वेचायची. त्या शिंपल्यांवरच तिचं घर चालायचं. आज चारच्या ग्रामसभेत खाडी कायमची बंद होणार होती.

"पस्तीस वर्सां उतरतंय," आत्या म्हणाली, "असलो रोग कधी आयकूक नाय."

पाटी लावणारे निलेशराव पुण्याचे तज्ज्ञ म्हणे. तन्वीला त्यांचा पहिल्यापासून संशय. खाडी तपासतात आणि बुटांना चिखलाचा ठिपका नाही! शिवाय ते उतरले होते काठावरच्या रिसॉर्टवर, आणि रिसॉर्टला तिथेच बोटींसाठी धक्का हवा होता. पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

सिद्धेशने फोनवर शोधलं. "दोन्ही शब्द ग्रीक. मालाकोस म्हणजे मऊ, फोबिया म्हणजे भीती. मऊ अंगाच्या प्राण्यांची, म्हणजे शिंपल्यांची भीती."

"म्हणजे शिंपल्यांना शिंपल्यांची भीती?"

"हो. पण ग्रीक ऐकतंय कोण? सरपंचही मान डोलावतात."

"मग गावाला कळेल असा रोग विचारू," तन्वी म्हणाली.

सभेत ती उभी राहिली. "सर, तिसऱ्यांना खंयासायटिसही झालाय का?"

निलेशरावांनी चष्मा सारखा केला. "हुशार मुलगी. तो तर मालाकोफोबियाहून भयंकर. मी स्वतः नमुने तपासलेत."

मागून कोणीतरी खिदळलं, "खंय आसा? खंय आसा तो रोग?" आणि सगळी सभा हसत सुटली. निलेशराव बावचळले.

"सर, 'खंय आसा' म्हणजे 'कुठे आहे'," सिद्धेशने समजावलं. "हा रोग आम्ही दुपारी पडवीत बसून बनवला." मग त्याने मालाकोफोबियाचाही अर्थ सांगितला.

सरपंचांनी तपासणीचा अहवाल मागितला. तो नव्हताच. शेवटी, रिसॉर्टवाल्यांनीच पाठवलं, असं निलेशरावांनी कबूल केलं.

"पोरांनी विचारलं ते आम्ही विचारायला हवं होतं," सरपंच ओशाळून म्हणाले. "शाबास रे पोरांनो. पाटी आजच काढतो."

आत्याने तन्वीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सभा संपायच्या आतच ती उठली.

"खंय चाल्लंस गो नर्मदे?" सरपंचांनी विचारलं.

"खाडीत," ती पदर खोचत म्हणाली. "सुकती काय तुमच्या सभेसाठी थांबतली?"