पाच मिनिटं गप्प

दिपमाला त्या घरी पहिल्यांदा आली ती दुसऱ्याच्या वाट्याचं काम करायला. जळगावच्या दुकानातला नेहमीचा मेकॅनिक सुटीवर होता आणि धरणगावजवळच्या एका घरातलं नवं होम थिएटर दोन मिनिटं वाजून बंद पडत होतं. तिने मागे डोकावून पाहिलं, तर त्या घरच्या मुलाने, भूपेंद्रने, स्पीकरला विहिरीच्या मोटारीची उरलेली जाड केबल जोडलेली, अन् तिच्या तारा एकमेकींना चिकटलेल्या.

"यातून पाणी काढायचंय का?" तिने विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. ते लाल कान तिला फार आवडले.

मग महिन्याभरात दोनदा तिचंच नाव सांगून तक्रार आली. एकदा रिमोटवरूनच आवाज बंद केलेला. आणि आज मधल्या स्पीकरची वायर निघालेली.

"वायर आपोआप निघत नसते, भूपेंद्रभाऊ."

"भाऊ नका म्हणू…" तो घाईने म्हणाला. "उंदीर असेल."

"उंदराने स्क्रू फिरवला?"

ती हसली खरी, पण आतून खट्टू होती. "आज शेवटचं हं. सोमवारपासून मी धुळ्याच्या दुकानात."

महिनाभर मुद्दाम बिघाड काढले, पण त्याचं तोंड काही उघडत नव्हतं.

आता आवाज जुळवायचा राहिला होता. तिने सोफ्यावर छोटा माइक ठेवला. पाच मिनिटं खोलीत कुणी बोलायचं नाही, नाहीतर मशीन मध्येच थांबतं. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा भूपेंद्रच्या आई, इंदिराबाई, स्वतःच बोलल्या. शेवटी त्यांनीच फर्मान काढलं, "चला, बठ्ठा बाहेर निंघा."

भूपेंद्र सोडून घरातले सगळे बाहेर गेले, दार लागलं. स्पीकर पाळीपाळीने फुसफुसू लागले. निम्म्या खोलीत विकायचा राहिलेला कापूस छतापर्यंत रचलेला, त्याला टेकून दोघं बसले. त्याने तिच्या केसांकडे बोट दाखवलं. तिने भलतीकडेच चाचपलं. मग त्यानेच हात पुढे करून कापसाचा पुंजका अलगद काढला.

त्याने रिकामं खोकं ओढलं, मार्करने लिहिलं— 'उंदीर मीच.' तिने ओठ घट्ट मिटले. खाली आणखी एक ओळ आली— 'धुळ्याला आलो तर भेटाल?'

शेवटचा स्पीकर चालू होता. मान हलवली असती तरी भागलं असतं. पण महिनाभर वाट पाहिल्यावर नुसती मान हलवणं तिच्या जिवावर आलं.

"हो," ती मोठ्याने म्हणाली.

मशीन थांबलं.

"बोलायचं नव्हतं ना?" तो पुटपुटला.

"माहितीये."

दार उघडून इंदिराबाई आत आल्या. "व्हयनं का, बेटा?"

चार वर्षांत एकही काम अर्धवट न सोडलेली दिपमाला दुकानातली भाषा विसरून घरच्या अहिराणीवर आली. "नै अक्का. रविवारना परत येनं पडी."

इंदिराबाईंची नजर खोक्यावर गेली. त्यांनी दोन्ही ओळी सावकाश वाचल्या.

"मंग जेवालेच ये," त्या म्हणाल्या. "आन् त्या उंदीरले सांग, वायरले हात लावू नको."