तीन कामं करणारा रेणू

२०५२ साल. सहावीतल्या पूर्वा गांगुर्डेला एक कोडं सुटत नव्हतं. आजोबांच्या मेंदूचं ताजं चित्र पडद्यावर होतं आणि त्यात पूर्वी दिसणाऱ्या गाठींचा मागमूस नव्हता. औषधाने त्या पार गेल्या होत्या. तरीही एसटीत कंडक्टर असताना नाशिक-नंदुरबार मार्गावरचे सगळे थांबे तोंडपाठ असलेले दामूआजोबा आज सकाळी तिलाच विचारत होते, "तू कुणाची गं?"

पूर्वाची वनिताआत्या, म्हणजे आजोबांची मुलगी, अल्झायमरवर (स्मृती हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार) औषधं शोधायची. गाठी गेल्या, मग आजोबा बरे का झाले नाहीत, असं पूर्वाने तिला विचारलं.

आत्याने चित्र बंद केलं. आम्ही सगळे संशोधक फार वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलो, असं ती म्हणाली. त्या गाठी ॲमिलॉइडच्या (चेतापेशींच्या बाहेर साचणारं प्रथिन) होत्या. पण त्याच वेळी पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा गुंता होत होता. शिवाय ॲसिटिलकोलिन (पेशीपेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) कमी पडत होतं. यातला एक बिघाड दुसऱ्याला वाढवतो, म्हणून एकच थांबवून भागत नाही.

"मग तीन गोळ्या द्यायच्या," पूर्वा म्हणाली.

तेही करून झालं होतं. पण प्रत्येक औषध शरीरात आपल्या वेगाने पसरतं आणि विरतं. त्यात म्हाताऱ्या माणसांना बीपीच्या, साखरेच्या गोळ्या असतातच, त्यांच्याशी या गोळ्यांचं जमत नाही. म्हणून आत्याने बहुलक्ष्यी रेणू (एकटाच अनेक ठिकाणी काम करणारा रेणू) बनवायला घेतला. त्याचा एक भाग ॲसिटिलकोलिनची मोडतोड थांबवतो, दुसरा त्या दोन्ही प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. पहिला रेणू इतका मोठा झाला, की रक्त आणि मेंदू यांच्यामधली पेशींची भिंत त्याला ओलांडताच येईना. सगळ्या कामांना चालेल असा सामाईक भाग शोधून तो लहान करण्यात बरीच वर्षं गेली.

आता तो तयार होता. माणसांवरच्या चाचण्या सुरू होणार होत्या.

"आजोबांना दे ना," पूर्वा म्हणाली.

"उपयोग नाही, पूर्वा. हे औषध जिवंत पेशी वाचवतं. मेलेल्या परत आणत नाही. आजोबांच्या फार गेल्यात." आत्याचा आवाज खाली गेला. "लवकर जमायला हवं होतं."

औषध मिळालं ते नुकतंच विसरू लागलेल्यांना. त्यात सटाण्याच्या कुसुमताई होत्या, शेजाऱ्यांची नावं चुकवणाऱ्या. पुढच्या वर्षी निकाल आला. बहुतेकांचं विसरणं जवळपास थांबलं होतं. कुसुमताई सगळ्या नातवंडांना नावाने हाक मारत होत्या.

त्या संध्याकाळी आत्याने हे आजोबांना सांगितलं. पाहुणीचं ऐकावं तसं त्यांनी ते मन लावून ऐकलं.

"कुणी बनवलं हे औषध?"

"मी."

आजोबांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या वडिलांना सांग, पोरी. त्यांना फार आनंद होईल."

आत्याने त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "सांगितलं."

पूर्वा तिच्याजवळ सरकून बसली. दुसऱ्या दिवशी औषधासाठी आणखी माणसं यायची होती. त्या सगळ्यांना अजून आपल्या मुलांची नावं आठवत होती.