अनामिकेवरची हद्द

मुकादमाची मुलगी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. परक्या घरात पाठ टेकवायचा आपल्याला हक्क नाही, असं काही माणसांना वाटतं.

"माझ्या वडिलांनी खून केलेला नाही," ती म्हणाली. मग पदराशी चाळा करत, "म्हणजे, केला नसावा."

वहिनींनी चष्मा पुसायचा थांबवला. मुलीने एका दमात दोन साक्षी दिल्या होत्या, आणि त्यातली दुसरी अधिक प्रामाणिक होती.

वहिनींना सगळं गाव वहिनीच म्हणे. त्या पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाच्या वर्गावर शिकवत. मेलेल्या माणसांकडून शिकण्यासारखं संपलं तेव्हा त्यांनी जिवंत माणसांच्या भानगडी सोडवायला घेतल्या. सोबतीला असत त्यांचे धाकटे दीर, भावोजी. भावोजी आयुष्यभर तिकीट तपासनीस होते. माणसाच्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास नसे, पण तिकिटावर शिक्का दिसला की ते मान डोलवून पुढे जात.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

हकीकत थोडी होती. हातमोज्यांच्या कारखान्याचे मालक परवा संध्याकाळी इस्त्रीच्या खोलीत मरून पडलेले सापडले. गळ्याभोवती ओल्या कातड्याची पट्टी होती. त्या खोलीत पितळेचे तापवलेले पंजे रांगेने उभे असतात, आणि त्यांवर मोजे चढवून इस्त्री करतात. झटापटीत त्यातला एक उलटला होता. फाटक बंद झालं होतं, पहारेकरी बाहेर होता आणि आत तिघेच होते. मालक, कटाईचे मुकादम आणि माडीवर राहणारा मालकांचा पुतण्या.

"पुतण्याच्या उजव्या हातावर मागे कारखान्यातला प्रेस पडला. तेव्हापासून तो हात मेलेलाच आहे," मुलगी म्हणाली. "गळा आवळायला दोन हात लागतात. म्हणून बाबांना धरलं. शिवाय त्यांच्या करंगळीला ताजं भाजलेलं आहे."

"कसं भाजलं म्हणतात?"

"कळलंच नाही म्हणतात. करंगळी बधिर आहे म्हणे. आणि शेजारचं बोट अर्धंच बधिर." तिने मान खाली घातली. "फौजदार हसले. म्हणाले, बोट आहे का वाटणीचं शेत? बाई, मी शाळेत शिकवते. मुलं थाप मारतात ना, तेव्हा असंच काहीतरी बारीक, विचित्र सांगतात. घरी ते कधी काही बोललेच नाहीत."

"अनामिकेचं कुठलं अर्धं? करंगळीकडचं?"

"हो, करंगळीकडचं."

वहिनी उठल्या. "भावोजी, चपला घाला."

"चहा..."

"चहा गारही चांगला लागतो."

कोठडीत मुकादम फरशी पुसत होते. फौजदारांच्या मते आरोपीला रिकामं बसवणं म्हणजे सरकारी अन्नाचा अपमान. सकाळपासून त्यांचे हात पाण्यात होते. वहिनींनी गजांतून त्यांचा उजवा पंजा हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला.

"हे काय, मुकादम," भावोजी म्हणाले, "चार बोटांची नुसती सुकलेली बोरं झालीत, आणि करंगळी मात्र नवरीसारखी तुळतुळीत."

वहिनींनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दाबून पाहिला. तिथे खड्डा पडला होता. डाव्या हाताला तो नव्हता.

"डोळे मिटा. मी पेनाच्या टोकाने हाताला लावीन. लागलं तर हो म्हणा, नाही लागलं तर नाही म्हणा."

"हो," मुकादम म्हणाले. अंगठ्याला, तर्जनीला, तळव्याच्या मध्यावर. "हो. हो."

मग वहिनी करंगळीकडे गेल्या. एकदा, दोनदा, तीनदा टोक लावलं. मुकादम डोळे मिटून शांत उभे होते.

"बाई, थांबलात का?" त्यांनी जरा वेळाने विचारलं.

भावोजींना हे उत्तर चुकारपणाचं वाटलं. सांगितल्याप्रमाणे 'नाही' म्हणायला काय झालं होतं?

वहिनींनी एक कागद अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरायला दिला आणि ओढला. मुकादमांच्या अंगठ्याचं पेर वाकलं, कपाळावर शीर उठली आणि कागद सुटला.

"जोर लावा ना."

"लावतोय, बाई." त्यांचा आवाज खाली गेला. "एक मागणं आहे. हे कारखान्यात सांगू नका. हात गेल्याचं कळलं तर कटाईच्या टेबलावरून उठवतील."

फास समोर लोंबत असताना माणूस टेबलाची काळजी करत होता. वहिनींनी बाहीवरून त्यांचं कोपर चाचपलं. "कोपर टेकून काम करता?"

"कातडं ताणायचं तर कोपर टेबलाच्या कडेवर रोवावंच लागतं. उभा जन्म तसाच गेला."

कारखान्यात त्यांची पहिली गाठ पडली ती शिलाईच्या मावशींशी. मावशी एवढ्याशा, पण तोंड पाच माणसांचं.

"मुकादमाने गळा आवळला?" त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण रोज सकाळी मी लावते, कोणी बघत नाही ना, ते बघून. लोक काहीबाही बोलतात. ह्या वयात माझ्याबद्दल बोलतात, म्हटलं बोला, तेवढीच करमणूक."

"आणि पुतण्या, छोटे मालक?"

"काकांनी कटाईवर बसवलं होतं. म्हणाले, आधी हात काळे कर, मग गादीवर बस. दोन महिने तोंड वाकडं करून बसला, तेवढ्यात हातावर प्रेस पडला. बिचारा. मालक तेव्हापासून त्याला फुलासारखं जपायचे."

इस्त्रीच्या खोलीत फौजदार वाट बघत होते. त्यांनी पट्टी दाखवली. आखूड होती, मुठीला वेढा द्यायला पुरणारी नव्हती; टोकं चिमटीतच धरावी लागत. ओलं कातडं वाळताना ठसा धरून ठेवतं. दोन्ही टोकांवर अंगठ्याचा एकेक खड्डा होता, सारखाच खोल.

"दोन्ही हातांत सारखी ताकद," फौजदार म्हणाले. "सांगायला नकोच."

टेबलावर एक अर्धवट मोजा पडला होता, उजव्या हाताचा, आतून लोकर लावलेला. शेजारी मालकांचा चष्मा आणि कात्री. जोडीचा डावा कुठेच नव्हता.

"मालक स्वतः कापायचे?"

"कित्येक वर्षांत कात्री धरली नव्हती म्हणतात. म्हातारपणची हौस, दुसरं काय."

पुतण्या माडीवर होता. कोमट पाण्याच्या घमेल्यात उजवा हात बुडवून बसलेला. "रोज तासभर शेक घेतो," तो म्हणाला. त्याने हात बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. पाची बोटं सुरकुतली होती. "काकांची आशा सुटत नव्हती. काल मला मोठ्या दवाखान्यात नेणार होते. मज्जातंतूंची विजेवर तपासणी करतात, तिथे. किती दिवसांनी नंबर लागला होता. आता कोण नेणार."

भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बधिरपणा कुठून सुरू होतो?"

त्याने डाव्या हाताच्या बोटाने मनगटाभोवती गोल रेघ ओढली. "इथून खाली सगळं मेलंय. पुढून, मागून, पाची बोटं."

"डोळे मिटा. लागलं तर हो, नाही तर नाही."

वहिनींनी दंडाला टोक लावलं. "हो." कोपराखाली. "हो." मनगटाच्या रेघेखाली. "नाही." अंगठ्याला. "नाही." करंगळीला. "नाही."

जिना उतरताना भावोजी म्हणाले, "किती सरळ पोरगा आहे. विचारलं तेवढ्याचं चोख उत्तर. नाहीतर तुमचे ते मुकादम."

"चोख होतं खरं," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना इस्त्रीच्या खोलीत बोलावलं. पितळी पंजे थंड होते. मुकादमांना बेडी घालून आणलं होतं, आणि त्यांची मुलगी भिंतीशी उभी होती. ती वडिलांकडे बघत नव्हती.

टेबलावर कोमट पाण्याची दोन घमेली होती.

"दोघांनी उजवे हात बुडवून बसा," वहिनी म्हणाल्या. "उपचार समजा."

पुतण्याने खुशीने हात बुडवला. मुकादमांची बेडी सोडावी लागली. पाणी हळूहळू निवत गेलं. मावशींनी एक जांभई दिली, तीही दाबून.

"फौजदारसाहेब," वहिनींनी सुरुवात केली, "तुमचा हिशेब सरळ होता. आत दोघे, एकाचा हात मेलेला, म्हणून दुसरा खुनी. बेरीज बरोबर, फक्त आकडे उलटे मांडलेत. हाताला तीन मोठे मज्जातंतू आहेत. तीन भावांत शेत वाटावं तशी त्यांची वाटणी आहे. एक मनगटाच्या मधून येतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अलीकडची बाजू त्याची. दुसरा दंडाच्या हाडाला वळसा घालून हाताच्या पाठीवर येतो. तिसरा कोपराच्या आतल्या हाडामागून जातो. तिथे टेबलाची कड लागली की झिणझिण्या कुठे येतात?"

"करंगळीत," भावोजी म्हणाले.

"करंगळीत, आणि अनामिकेच्या पलीकडच्या अर्ध्यात. दोघांची हद्द त्या बोटावरून जाते. पुस्तक न वाचलेल्या माणसाला हे थाप म्हणूनही सुचणार नाही. मुकादमांनी जन्मभर कोपर टेबलाच्या कडेवर रोवलं, आणि तो तंतू चेपत गेला. दिवसा काम करताना गरम पितळ लागलं तरी कळलं नाही. त्याच तंतूवर चिमटीची ताकद चालते. यांच्या बोटांत कागद टिकत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही. त्या पट्टीवर मात्र उजव्या अंगठ्याचा खड्डा डाव्याइतकाच खोल आहे."

मुकादमांनी डोळे मिटून घेतले. गुपित फुटलं होतं. टेबल गेलं होतं.

"मग यांचा हात?" फौजदारांनी पुतण्याकडे मान केली.

"यांना मनगटापर्यंत गोल बधिरपणा आहे. तिन्ही भावांची शेतं एका रेघेत कापणारी अशी हद्द प्रेस पडल्याने आखली जात नाही. मी विचार केला, ही रेघ यांनी आणली कुठून?" वहिनींनी समोरच्या पितळी पंजाच्या मनगटावर बोट फिरवलं. "मोजा जिथे संपतो तिथून. मोज्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हात म्हणजे एवढाच वाटतो."

पुतण्या हसला. "बाई, दुखणं तुमच्या पुस्तकाला विचारून येत नाही."

"खरं आहे. म्हणून मी तुम्हालाच विचारलं. डोळे मिटलेल्या माणसाला, लागलं नाही तर 'नाही' म्हणा, असं सांगितलं. पण स्पर्श झालाच नाही, तर 'नाही' म्हणायची वेळ झाली हे त्याला कळणार कसं? मुकादम गप्प राहिले, उलट थांबलात का म्हणून विचारलं. तुम्ही टोक टेकताक्षणी 'नाही' म्हणालात. दर वेळी."

भावोजींचा आ वासला. मग त्यांनी तो मिटला आणि भिंतीकडे बघितलं.

"हात काढा."

मुकादमांची करंगळी आणि अनामिकेची एक कड गुळगुळीत होती, बाकी सारं सुरकुतलेलं. पुतण्याची पाची बोटं सुरकुतली होती.

"पाण्यात कातडीला सुरकुती पडते ती जिवंत मज्जातंतूमुळे. मेलेलं बोट दिवसभर भिजवा, तसंच राहतं. तुम्ही रोज तासभर घमेल्यात हात घालून स्वतःविरुद्ध साक्ष देत होतात."

"हात बरा असेल तर काय झालं?" पुतण्या म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. "कामचुकारपणाला फाशी नाही."

"नाही. सुरुवात तेवढ्यावरच झाली असेल. पण खोटं दुखणं खऱ्यापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. आणि काकांनी विजेच्या तपासणीचा नंबर लावला. तिथे थाप चालत नाही. त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही खाली आलात."

"त्यांना माझ्यावर संशय होता," पुतण्या एकदम म्हणाला. "मला उघडं पाडायचं होतं. सगळं मुकादमाला द्यायचं होतं."

वहिनींनी तो अर्धवट मोजा उचलून मुकादमांसमोर ठेवला. "हे माप कोणाचं?"

मुकादमांनी डाव्या हाताने मोजा पसरला. त्यांना मोजपट्टी लागली नाही. "छोट्या मालकांचा पंजा," ते म्हणाले. "उजवा. कापलाय मालकांनीच, अंगठ्याची तिकोनी पाचर ते अशी तिरपी काढायचे." त्यांनी आतली लोकर चाचपली. "जाड लोकर कोण लावतं मोज्याला... बधिर हात पितळेला लागला तर भाजू नये, म्हणून असेल."

"आणि पट्टी?"

मुकादमांनी ती मोज्याच्या कडेला लावून पाहिली. कातड्याची शीर शिरेला जुळली. "ह्याचंच कात्रण."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "करंगळी तेवढी शिवायची राहिली," त्या पुटपुटल्या.

पुतण्याने हात पुढे करून मोजा घेतला. उजवा हात. बघता बघता त्याची मूठ वळली, इतकी घट्ट की नखांखालचं रक्त उतरलं. खोलीतल्या प्रत्येकाने ती पाहिली. "मी नको म्हणालो होतो," तो मुठीकडे बघत म्हणाला. "कितीदा सांगितलं, तपासणी नको. ऐकेनात. म्हणत होते, होईल रे बरा."

फौजदारांनी मुकादमांची काढलेली बेडी टेबलावरून उचलली.

खोली रिकामी झाली तशी मुकादम सदरा सारखा करू लागले. वरचं बटण दोनदा निसटलं. मावशी सवयीने पुढे झाल्या, मग थांबल्या आणि मुलीला कोपराने ढकललं.

मुलगी जवळ आली. बटण लावायच्या आधी तिने वडिलांची भाजलेली करंगळी हातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली.

मुकादम खिडकीबाहेर बघत होते. त्यांना ते कळलं नाही.