पुरुषोत्तम धुमाळचा मज्जासेतू

कराडच्या मज्जाविद्युत प्रयोगशाळेत पुरुषोत्तम धुमाळ मागच्या दाराने आला. पुढचे दार त्याला परवडणारे नव्हते. दर शनिवारी तो मैदानावर हजारो तरुणांना 'मर्द कसे व्हावे' हे शिकवी आणि व्याख्यान संपले की त्यांना स्वतःच्या नावाचे चूर्ण विकी. ते नावही त्याने स्वतःच घेतलेले. आईवडिलांनी बिचाऱ्यांनी पुंडलिक ठेवले होते. बरोबर त्याची बायको स्नेहल होती. वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेले माणूस बसते तशी ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"यंत्र तरी भिकार आहे, नाहीतर ही," धुमाळने बसण्याआधीच सुनावले. "यंत्र चांगलं असेल तर तसा दाखला द्या, डॉक्टर. म्हणजे दोष हिचा ठरला. घटस्फोटाचं पुढे माझा वकील बघेल. बाईच थंड, तर पुरुषानं काय करायचं?"

हा युक्तिवाद एकोणीस वर्षे चालला होता आणि स्नेहलखेरीज कुणी त्याची किंमत मोजली नव्हती.

डॉ. निलोफर मुजावर यांनीच तीन महिन्यांपूर्वी त्याच्या शरीरात ते यंत्र बसवले होते. "मधुमेहानं तुमच्या मज्जातंतूंचा एक टप्पा निकामी झालाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मेंदूत इच्छा जागली तरी तिचा निरोप खाली पोचत नाही. जुन्या विद्युत उपचारात मनात काही असो वा नसो, बाहेरून प्रवाह सोडायचे. मज्जासेतू तसा नाही. कानामागचा इच्छाग्राहक मेंदूतली इच्छा टिपतो आणि कमरेतला प्रेरक तेवढाच प्रवाह पुढच्या तंतूंना देतो. रस्ता तुटलाय तिथं पूल, एवढंच."

"आणि त्याची चालू-बंद करायची कळ बायकोच्या हातात! म्हणे तिची संमती हवी! कुणाच्या डोक्यातून निघाला हा नियम? ही मुद्दाम चालूच करत नसणार."

"रोज रात्री चालू करते," स्नेहल म्हणाली. "सकाळी बंद. दिवसभर हे बाहेरच असतात."

यंत्र घडवणारे अभियंता सुजय कोठावळे यांनी तिच्याकडून कळ घेऊन चालू केली, यंत्र पडद्याला जोडले आणि आधी प्रेरकाला थेट प्रवाह दिला. धुमाळने घाईघाईने समोरची फाईल मांडीवर ओढली.

"प्रेरक ठणठणीत," सुजय पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आता इच्छाग्राहक."

डॉक्टरांनी स्नेहलला त्याचा हात धरायला सांगितले. तिने धरला. पडद्यावरची रेघ आडवीच राहिली. मग त्याला डोळे मिटून आवडेल ते मनात आणायला सांगितले. त्याने चांगला वेळ घेतला, बहुधा बऱ्याच बायका मनात आणल्या. रेघ जागची हलली नाही.

"बघा! मेलंय तुमचं यंत्र!" धुमाळ ताडकन उठला. "कुणाची चेष्टा चालवलीय? मी स्टेजवर आलो की वीस हजार पोरं उठून उभी राहतात! एका सुरात माझं नाव घेतात! पुरुषोत्तम! पुरुषोत्तम!"

रेघ सरसर वर चढली. पडद्यातून इच्छा टिपल्याची शिट्टी वाजली. धुमाळ मटकन खाली बसला आणि फाईल शोधू लागला.

पण एका निरीक्षणावर शास्त्रज्ञ विसंबत नाहीत. रेघ खाली येऊ दिल्यावर डॉ. मुजावर औषधाची मात्रा सांगावी अशा आवाजात म्हणाल्या, "पुरुषोत्तमजी, आपल्या तोडीचा माणूस महाराष्ट्रात दुसरा नाही."

शिट्टी पुन्हा वाजली.

"यंत्र उत्तम चालतंय," त्यांनी निर्वाळा दिला. "इच्छा कुणाविषयी आहे हे ते बघत नाही. असेल ती पोचवतं. तुमच्या मनात ती भरपूर आहे, फक्त स्वतःविषयी."

स्नेहल पडद्याकडे बघत राहिली. थंडपणा जावा म्हणून तिने त्याचेच चूर्ण दुधातून घेतले होते, उपास केले होते, सासूच्या तोंडून नको नको ते ऐकले होते. या माणसाला आपण घाबरत होतो याची तिला मनापासून किळस आली.

"म्हणजे या खोलीत मी नसते तरी चाललं असतं," ती म्हणाली. तिने कळ उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू द्या. हिला माझी गरज नाही. आणि डॉक्टर, तो दाखला लिहाच. यंत्र चांगलं आहे, असा. घटस्फोट आता मी मागणार आहे, मला लागेल."

ती उठली आणि पुढच्या दाराकडे निघाली.

"स्नेहल!" तो मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी धरून ओरडला. "कुणाला सोडून चाललीस, शुद्ध आहे का? पुरुषोत्तम धुमाळला!"

कळ चालूच होती. शिट्टी वाजत राहिली, तेव्हा सुजयनी हात लांबवून आवाज बंद केला.